घर मिळाले, आता संसार मांडायचा

(सेवाकार्याला मदत करणाऱ्या मंडळींच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



बंधू-भगिनींनो, संयोजकांनी मला सांगितले, "ताई, वाडीवरच्या नव्या घरांविषयी बोला. लोकांनी त्यासाठी प्रार्थना केली आहे, पैसेही दिले आहेत. पुढे काय झाले ते त्यांना कळू द्या." म्हणून आज मी घराविषयीच बोलणार आहे. पण भिंती आणि स्लॅब यांच्याविषयी थोडेच सांगेन. चूल, भाकरी, कणगी, गोधडी आणि परसातला वेल यांच्याविषयी जास्त बोलेन. मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली तेव्हा या गोष्टी आमच्या अभ्यासक्रमात नव्हत्या. गेली काही वर्षे मात्र माझे बरेचसे काम यांच्याच भोवती चालते. त्याचे कारण तुमच्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू.

आम्ही काम करतो तो भाग रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्यात येतो. वाडी कातकऱ्यांची. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलावर सरकारी बंधने आली तसा तो धंदा गेला. मग कोळसा पाडणे, मोळ्या विकणे, नदीओढ्यातले मासे-खेकडे, शेतावरची मजुरी आणि वीटभट्टी, असे जगणे सुरू झाले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारदरबारी विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. 15 नोव्हेंबर 2023 रोजी अशा गटांसाठी प्रधानमंत्री जनमन योजना सुरू झाली आणि घरकुलासाठी प्रत्येक कुटुंबाला 2 लाख रुपये हप्त्याहप्त्याने मिळू लागले. आमच्या वाडीतही घरे उभी राहिली. जोत्याचा हप्ता, मग भिंतींचा, मग छपराचा. कागदपत्रे, बँकेचे खाते, प्रत्येक टप्प्याचा फोटो, या सगळ्यात आम्ही त्यांच्याबरोबर धावपळ केली. तुम्ही पाठवलेल्या मदतीतून दारे-खिडक्यांचे कमी पडलेले पैसे भरले गेले. त्याबद्दल वाडीच्या वतीने मनापासून आभार.

आता घर म्हणजे किती? घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. त्यातच स्वयंपाकाची जागा. तुमच्यापैकी अनेकांचा दिवाणखाना एवढा असेल. तरीही ज्या बाईने दर पावसाळ्यात गळक्या छपराखाली मुलाला मांडीवर घेऊन रात्र काढली, तिला या घराचे मोल किती वाटते ते मी पाहिले आहे. कोकणातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो. डोक्यावर पक्के छप्पर ही लहान गोष्ट नव्हे.

पण कुडाच्या घरातून सिमेंटच्या घरात जाणे हे सामान हलवण्याइतके सोपे नसते. जुने घर कसे होते ते सांगते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून कूड करायचा, त्यावर माती आणि शेण यांचा गिलावा द्यायचा, वर पेंढा किंवा गवत. एका कोपऱ्यात चूल. चुलीचा धूर गवतातून हळूहळू बाहेर जायचा. त्या धुराने छप्पर वाळलेले राहायचे, किडा लागायचा नाही, डास कमी व्हायचे. चुलीच्या वर शिंकाळे टांगलेले. त्यात सुके मासे, बियाणे, मिरच्या. धुरात त्या वस्तू भर पावसातही टिकायच्या. बाहेरच्या माणसाला ते घर म्हणजे नुसते दारिद्र्य दिसते. घरातल्या बाईला मात्र प्रत्येक कोपऱ्याचा उपयोग माहीत असतो.

नव्या घरात काय झाले? धूर जायला वाट नाही, म्हणून दोन आठवड्यांत भिंती काळ्या पडल्या आणि मुले खोकू लागली. ओटा उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी बांधलेला. आमच्या बायका बसून रांधतात. गॅसची शेगडी बऱ्याच घरांत आहे, पण टाकी भरून आणायला पैसे लागतात, म्हणून ती पाहुणे आले किंवा सरपण भिजले की पेटते. शिंकाळे टांगायला आढे नाही. कणगी ठेवायला जागा नाही. जमीन सिमेंटची, ती पावसाळ्यात अंगाला गार लागते आणि उन्हाळ्यात वरचा स्लॅब तापतो. एक आजी मला म्हणाली, "ताई, घर चांगलं हाय. पन या घराला मी आजून वळखत न्हाय."

एका घराने उपाय काढला आणि मग बाकीच्यांनी उचलला. मागच्या भिंतीला लागून कारवीच्या कुडाची छोटी पडवी काढली. त्यात जमिनीवर मातीची चूल, वर कौले, आणि कौलांच्या खाली धूर जायला हातभर मोकळी जागा. शिंकाळे तिथे आले. कणगी घराच्या आत, विटांवर फळी टाकून तिच्यावर ठेवली, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. अंगण आणि पडवी शेणाने सारवली. दारापुढे मांडव घालून त्यावर दुधी आणि घोसाळ्याचे वेल चढवले. ते वेल पुढे स्लॅबवर गेले आणि दुपारची झळ कमी झाली. पाहणीला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "पक्के घर दिल्यावर पुन्हा झोपडी कशाला बांधता?" आजीने उत्तर दिले नाही. तिने त्यांना पडवीत बसवले आणि कोरा चहा दिला. घरात फार उकडत होते, पडवीत वारा होता. ते बराच वेळ बसले.

आता थोडे माझ्याविषयी, कारण त्या वर्षी घर मांडणारी मीही होते. माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरमधले. आम्ही बाजरी-ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माणसे. पाली गावाजवळ दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहायला आलो तेव्हा सामान म्हणजे दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा, थोडी भांडी आणि सासूबाईंनी दिलेली गोधडी. गावात पीठ मिळायचे ते तांदळाचे. बाजरीचे पीठ पाण्यात मळून चांगले रगडले की भाकरी थापता येते. तांदळाच्या पिठाला तो चिकटपणा नसतो. थापायला गेले की कडा फाटतात.

वाडीतली एक बाई, जिला सगळे थोरली वहिनी म्हणतात, आमच्या दारात मोळी टाकायला आली होती. तिने माझी परात पाहिली आणि हसली. मोळी उतरवून ती चुलीपाशी बसली. आधी पाणी उकळवले, चिमूटभर मीठ घातले, त्यात पीठ टाकून झाकण ठेवले. उकड झाली की गरम असतानाच हाताला पाणी लावून ती मळमळ मळली. मग एक गोळा घेऊन परातीत नाचवत थापला. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवला, ते पाणी सुकताच उलटली, आणि शेवटी चुलीतल्या निखाऱ्याशी उभी केली. भाकरी टम्म फुगली. ती म्हणाली, "पिठाला आधी ऊब दे, मग ते तुझं आयकंल."

मी सेवेसाठी गेले होते, आणि माझ्या नव्या घरातली पहिली धड भाकरी मला मोळी विकणाऱ्या बाईने करून घातली. तुम्हाला सारफथच्या विधवेची गोष्ट आठवत असेल. दुष्काळाचे दिवस, ती लाकडे गोळा करीत होती, घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल. एलीया संदेष्टा तिच्याकडे मदत घेऊन गेला नाही. त्याने तिच्याकडे पाणी आणि भाकर मागितली. आपण ही गोष्ट मडक्यातले पीठ न सरण्याच्या चमत्कारासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण देवाने आपल्या सेवकाला एका गरीब बाईच्या चुलीपाशी पाहुणा म्हणून पाठवले, हेही आपण ध्यानात ठेवावे. वाडीवर काम करणाऱ्याला हा धडा आधी शिकावा लागतो.

आणि त्या गोष्टीतले रिकामे होत आलेले मडके हाच आमच्या वाडीचाही प्रश्न आहे. तो नीट समजून घ्या, कारण घर टिकणार की नाही हे त्यावर ठरते.

आमच्याकडे भात जूनमध्ये पेरतात, जुलैमध्ये लावणी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. लावणी संपली की मजुरी थांबते. नदीला पूर, जंगलात चिखल, मोळी भिजलेली. ऑगस्ट-सप्टेंबर हे वाडीचे उपासमारीचे महिने. सरकारची खावटी योजनाही अशाच दिवसांसाठी निघाली होती. रेशन आहे, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळते. पण ज्याचे कार्ड आईबापाच्या कार्डातून वेगळे झालेले नाही त्याला ते पुरत नाही. शिवाय तेल, मीठ, मिरची, औषधपाणी यांना रोख पैसे लागतात. नेमक्या याच वेळी वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो. हातावर काही हजार रुपये ठेवतो. याला उचल म्हणतात.

उचल घेतली की दिवाळीनंतर भट्टीवर जायचे ठरलेच. नवरा-बायको जोडीने हजार विटांच्या हिशेबाने काम, दर आठवड्याला खर्ची, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब. हिशेबात खर्ची वजा, उचल वजा. कधी थोडे हातात पडते, कधी उलट अंगावर फिरते आणि पुढच्या वर्षाला बांधून ठेवते. कर्जापायी माणसाला कामाला बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. कायदा आहे, पण भाद्रपदात डबा रिकामा असला की कायद्याची आठवण कोणाला राहते?

थोरल्या वहिनीचे घर पूर्ण झाले त्या वर्षी हेच घडले. नव्या घरात पहिला पावसाळा आनंदात गेला. ऑगस्टमध्ये उचल घेतली. दिवाळीनंतर नव्या दाराला कुलूप लागले आणि कुटुंब भट्टीवर गेले. मुलगी तिसरीत होती. ती भट्टीवर धाकट्या भावाला सांभाळत बसली. मे अखेरीस ते परतले तेव्हा दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती. कणगीतले बियाणे उंदरांनी खाल्ले होते. वेल वाळून गेले होते. कोंबड्या जाण्याआधीच विकल्या होत्या. मुलगी शाळेत अक्षरे विसरून बसली. वहिनी उंबऱ्यावर बसून मला म्हणाली, "ताई, घर असून आम्ही बिऱ्हाडकरूच."

हे वाक्य आम्हाला फार लागले. घरकुल मंजूर करून घेतले म्हणजे काम झाले असे आमच्या अहवालात लिहिले जाते. पण वर्षातून सहा महिने कुलूप लागते ते घर कसले? मग वाडीतल्या बायकांबरोबर बसलो. योजनेचे नाव नाही, फलक नाही. प्रश्न एकच होता: भाद्रपदात चूल पेटायला काय लागेल, आणि ते आधीच्या महिन्यांत घरात कसे भरून ठेवता येईल?

उत्तरे बायकांकडेच होती. आजीने बोटांवर महिने मोजले. एप्रिल-मे मध्ये कैऱ्या चिरून, मीठ लावून वाळवायच्या, म्हणजे आंबोशी. पावसाळ्यात आमटीला, कालवणाला आंबट विकत आणावे लागत नाही. फणसाच्या आठळ्या ओल्या मातीत घोळून, वाळवून ठेवायच्या; पावसात उकडून किंवा भाजून मुलांचे पोट भरते. जवळा आणि बोंबील उन्हाळ्यात स्वस्त असताना घ्यायचे, पुन्हा दोन-चार कडक उन्हे दाखवायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. मिरच्या, हळद, मीठ यांचा वर्षाचा साठा जमेल तेवढा आधीच. सरपण मेमध्येच तोडून पडवीत उंचावर रचायचे.

पावसाळा सुरू झाला की रानभाज्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. पहिल्या पावसाला शेवळे येतात. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकड नावाची आंबट फळे घालतात. कडूकंदाचे तर आणखी अवघड. त्याचे काप राखेत उकडून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे, तेव्हा त्यातला विषारी कडूपणा जातो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून त्यांना मिळालेले नाही. तरुण सुनांना मात्र यातले पुष्कळ येईनासे झाले होते, कारण आईच्या हाताखाली शिकण्याच्या वयात त्या भट्टीवर होत्या. म्हणून आजी शिकवायला बसली. मी वही घेऊन लिहून घेत होते आणि मध्येच मलाही भाजी निवडायला लावत होते.

भात कापल्यावर त्याच ओलीवर रायगडात वाल पेरतात. आमच्याकडचे कडवे वाल तुम्ही बाजारातून नेत असाल. वाल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. जे कुटुंब नोव्हेंबरात भट्टीवर जाते त्याच्या घरात वाल येऊच शकत नाहीत. जे राहते ते आपल्या तुकड्यावर पेरते, किंवा दुसऱ्याच्या शेतात काढणीला जाऊन मजुरीत वाल घेते. हे वाल कडक वाळवून, राखेत घोळवून कणगीत भरले की टोके लागत नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहतात. हिवाळ्यात कोवळ्या शेंगांची पोपटी होते, ती वेगळीच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडके उपडे करून भोवती पालापाचोळा पेटवायचा. आमच्या घरच्या मुलांनी पहिली पोपटी वाडीतच खाल्ली. नगरच्या हुरड्याची आठवण काढणारे माझे यजमानही मग गप्प झाले.

परसबागेला बियाणे लागले तेवढेच आम्ही विकत आणले: भेंडी, दुधी, शिराळे, मिरची, शेवग्याची दोन-दोन रोपे. भांडी घासलेले पाणी तिकडे वळवले. नाचणीचे पीठ मुलांच्या आंबिलीसाठी पुन्हा घरात आले. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे मी त्यांना सांगितले, आजी म्हणाली, "आमी तिला गरिबाचं धान समजून सोडली."

आता गोधडीविषयी. हे एक काम मात्र माझ्या माहेरचे. सिमेंटच्या जमिनीवर पावसाळ्यात लहान मुले निजली की सर्दी सुटत नव्हती. शिंदीच्या पानांच्या चटया विणणे काही बायकांना येत होते. ती चटई खाली आली. वर गोधडी हवी होती. तुम्ही दरवर्षी नाताळाला जुने कपडे पाठवता. त्यातल्या सुती साड्या निवडल्या. जुने सुती लुगडे खाली पसरायचे, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, वर दुसरी साडी. चार बायका चार बाजूंना बसतात आणि काठाकडून आत धावदोरा घालत येतात. दुपारभर हात चालतात आणि तोंडेही. वाडीतल्या किती गोष्टी मला त्या गोधडीभोवती कळल्या! कोणाचा नवरा पितो, कोणाच्या पोरीला मागणी आली, कोणी गुपचूप उचल घेतली. सभा बोलावून हे कळले नसते. यापो गावात दुर्कस विधवांसाठी वस्त्रे शिवत असे, आणि ती गेल्यावर त्या बायकांनी पेत्राला ती वस्त्रे रडत दाखवली. मला वाटते, त्या वस्त्रांबरोबर तिच्या अंगणातल्या अशा दुपारीही त्यांना आठवल्या असतील.

पुढच्या ऑगस्टमध्ये काय झाले ते सांगते. मुकादम आला. थोरल्या वहिनीच्या घरी चूल पेटलेली होती. कणगीत थोडे भात, मजुरीत मिळालेले थोडे वाल, डब्यात जवळा, शिंकाळ्यावर आंबोशी, मांडवावर घोसाळी. फार नव्हते. पण आठवडाभराच्या बाजारासाठी उचल घ्यावी लागेल एवढी तंगी नव्हती. तिचा नवरा पैशांकडे पाहत होता. हे मी लपवणार नाही. वहिनी म्हणाली, "भाऊ, चहा घ्या. पैसं नको." मुकादम गणपतीत पुन्हा आला, तेव्हाही तिने हेच सांगितले. दिवाळीनंतर त्या घराला कुलूप लागले नाही. नवरा जवळपासच्या बांधकामावर आणि शेतावर मजुरीला गेला, ती काढणीला गेली. मुलगी शाळेत आहे. जोडाक्षरे अजून अडतात, पण संध्याकाळी ती पडवीत बसून मोठ्याने वाचते आणि आजी न समजता मान डोलावते.

सगळ्या घरांची अशी गोष्ट सांगता आली असती तर मला आनंद झाला असता. तसे नाही. शेजारच्या घरात बाळंतपणात अडचण आली, औषधपाण्याला कर्ज झाले, आणि ते कुटुंब यंदाही भट्टीवर गेले. आंबोशी आणि गोधडी यांनी दवाखान्याचे बिल भागत नाही. हाताला वर्षभर काम, नावावर वनपट्टा, वेगळे रेशनकार्ड, जवळ दवाखाना, या गोष्टी लागतातच, आणि त्यांसाठी कचेरीत खेटे घालणे आम्ही सोडलेले नाही. पण घरात महिनाभराचे अन्न असलेली बाई कचेरीतही वेगळ्या आवाजात बोलते. हातात उचल असलेला माणूस मुकादमासमोर मान खाली घालतो, आणि मग तीच सवय सगळीकडे लागते. म्हणून या साध्या घरकामाकडे आम्ही एवढे लक्ष देतो.

आपल्या मंडळीला ही गोष्ट परकी नाही. 1897 च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रिया आणल्या, तेव्हा त्यांना प्रार्थनेबरोबर विणकाम, शिवण, बागकाम, छपाई अशी कामे शिकवली. हाताला काम आणि स्वतःच्या घराचा कारभार आल्याशिवाय माणूस उभे राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता तुमच्याकडे काय मागायचे? पुष्कळ जण विचारतात, नव्या घरांसाठी मिक्सर देऊ का, प्लॅस्टिकच्या खुर्च्या देऊ का, भिंतीवरचे घड्याळ देऊ का. तुमच्या प्रेमाबद्दल आभार. पण वाडीतल्या बायकांनी स्वतः जी यादी सांगितली ती अशी आहे.

घट्ट झाकणाचे पत्र्याचे किंवा स्टीलचे डबे. जुने चालतील, पण झाकण नीट बसले पाहिजे. पावसाळ्यात सुके मासे आणि डाळ टिकणे या झाकणावर अवलंबून असते.

जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरे, चादरी. कृपया धुऊन पाठवा. नायलॉनच्या साड्या गोधडीला चालत नाहीत. टाके सरकतात आणि घामही शोषला जात नाही. सुया आणि जाड दोरेही पाठवावेत.

पडवीसाठी कौले. एका पडवीला थोडीच लागतात. तुमच्या गावाकडचे जुने घर उतरवत असाल तर चांगली कौले फेकून देऊ नका, आम्हाला कळवा.

आणि हे सगळे पावसाच्या आधी, ईस्टरनंतरच्या आठवड्यांत पोहोचावे. नाताळाला आलेला डबा चांगलाच, पण मेमध्ये आलेला डबा भाद्रपदात भरलेला असतो.

शेवटची मागणी थोडी वेगळी आहे. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत तुम्ही वेदीपुढे धान्य, फळे, भाज्या आणता. त्या वेळी आमच्या वाडीची आठवण करा, आणि जमल्यास तुमच्यापैकी दोघी-चौघींनी एकदा मेमध्ये आमच्याकडे दोन दिवस राहायला या. वस्तू वाटायला नको, नुसत्या या. आजी तुम्हाला कैऱ्या चिरायला बसवेल. वहिनी तुम्हाला उकडीची भाकरी शिकवेल. तुम्हाला येत असलेले काहीतरी तुम्ही त्यांना शिकवा: लोणचे, पापड, मुलांचे झबले, काहीही. निजायला शिंदीची चटई आणि वाडीतल्या बायकांनी शिवलेली गोधडी मिळेल.

वाडीतल्या प्रत्येक घराचे दार यंदा दिवाळीनंतरही उघडे राहावे, यासाठी आपल्या प्रार्थना असू द्या. प्रभू आपल्या सर्वांच्या घरांवर आणि त्यांच्याही घरांवर आपली कृपा ठेवो.

आमेन.